जगाच्या यादीत शोभा

कारंज्याला आमचं भाड्याचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की सरकी वेगळी काढणारे रेचे सुरू व्हायचे आणि होळीपर्यंत ती घरघर थांबायची नाही. नवखे पाहुणे पहिले दोन दिवस एकमेकांशी ओरडून बोलत. आम्ही मात्र त्या आवाजाखालून हळू बोलायला शिकलो होतो. रुईचे तंतू सगळीकडे असत, वरणात, अंथरुणात, आईच्या भुवयांवर. भिंतीपलीकडे जिनिंगवाल्या शेठची एक पडीक जागा होती, तिथे बाभळी माजल्या होत्या. बाबांनी ती शेठकडून मागून घेतली आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे टेनिसचं कोर्ट केलं. बाभळी स्वतः तोडल्या, बैलगाडीने मुरूम आणला, आईने शेणमातीचा हात दिला, रस्त्याच्या कामावरचा रोलर दोन दिवस मागून आणला. जाळी भोयांकडून विणून घेतली, मासे धरायचीच ती, फक्त कडेला कापडी पट्टा शिवलेला. चुन्याच्या रेषा बाबा दर रविवारी सुतळी ताणून मारायचे. हंगामात चेंडूला रुई चिकटायची, तो जड व्हायचा आणि उसळायचाच नाही. प्रत्येक चेंडूवर जोर लावावा लागायचा. माझा हात तयार झाला तो त्या रुईमुळे, असं बाबा म्हणत. माझा खांदा आज उचलत नाही तोही त्या रुईमुळेच, असं मी म्हणते.

बाबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. त्यांचे वडील अकोल्याला अधिकाऱ्यांच्या क्लबात माळी होते आणि बाबा लहानपणी तिथे चेंडू उचलून द्यायचे. साहेब लोक चहाला बसले की रिकाम्या कोर्टवर ते फळीने भिंतीवर चेंडू मारत. पुढे एका साहेबाने जुनी रॅकेट दिली. बाबा क्लबातल्या बहुतेकांना हरवू शकत होते, पण माळ्याच्या पोराला स्पर्धेत कोण उतरवणार? ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, चेंडू धुता धुता, तीही दुसऱ्या कोणाची असावी अशी. त्यांनी मला कधी मारलं नाही, माझ्यावर आवाज चढवला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून ते कोणी राक्षस होते असं वाटेल. राक्षस असते तर मला सोपं गेलं असतं.

घर सगळं माझ्या खेळाभोवती फिरायचं. पहाटे उठल्यावर वाटीभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. कोर्टवरून आल्यावर ज्वारीच्या कण्या आणि दूध. दुपारी भाकरी, वरण, तिळाची चटणी. अंबाडीची भाजी असली की आई माझ्या ताटात वरून तेल सोडायची. रविवारी अंडी. दूध आधी मला, उरलं तर बाबांच्या चहाला, आणि आई कोरा चहा प्यायची. तिला तोच आवडतो असं मी लग्न होईपर्यंत समजत होते.

संध्याकाळी बाबा यादीबद्दल बोलायचे. जगातल्या बायकांच्या टेनिसची एक यादी असते, दर सोमवारी ती बदलते, पहिल्या नंबरपासून हजाराच्या पुढपर्यंत. पेपरात फक्त वरच्या दहा जणींची नावं येत. बाबा ती कापून वहीत चिकटवत आणि आम्हा दोघींना वाचून दाखवत. आई भाकरी थापत ऐकायची, तिला त्या परदेशी नावांचं हसू यायचं. यादीचे कायदे बाबांना तोंडपाठ होते. मोठ्या स्पर्धेत मोठे गुण, लहान स्पर्धेत एखाददुसरा. तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळाल्याशिवाय नाव चढत नाही. आणि मिळालेला गुण वर्षभरच टिकतो.

"हे आपल्या शाळेतल्या शिल्डासारखं नाई," बाबा म्हणायचे. "शिल्ड कपाटात ठेवलं की राह्यते. हे दुधासारखं हाये. वरीस झालं की नासते. रोज नवं काढा लागते."

"मंग कायले पाह्यजे असलं?" आईने एकदा विचारलं.

"जगात बायका किती, सांग. त्यातल्या हजारात नाव येनं म्हंजे काय, माहीत हाये का तुले?"

आईला माहीत नव्हतं. मला तेव्हा वाटायचं, मला माहीत आहे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं आणि तीन वेळा बाजूला ठेवलं.

कारंज्याला यायच्या आधी आम्ही इंझोरीला राहत होतो, आजोळच्या घराशेजारी. माझा जन्म तिथलाच, घरात, सुईणीच्या हातचा. त्याची नोंद कुठेच झाली नाही. माझं नाव वनिता. माझ्यानंतर अडीच वर्षांनी आईला दुसरी मुलगी झाली. ते बाळंतपण अवघड गेलं म्हणून तिला कारंज्याच्या दवाखान्यात नेलं होतं, त्यामुळे त्या मुलीची नोंद रीतसर झाली, दाखला मिळाला. तिचं नाव शोभा. नऊ महिन्यांची असताना ती तापाने गेली. मला तिचं काहीच आठवत नाही, फक्त टाळूला लावलेल्या तेलाचा वास आठवतो, आणि तोही तिचा होता की नंतर पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्या बाळाचा, सांगता येणार नाही. ती गेल्याची नोंद करायला कोणी गेलं नाही. एवढ्याशा लेकराची कोण करतो?

आम्ही कारंज्याला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते, इंझोरीच्या शाळेत, दाखला नाही म्हणून पटावर नाव नसतानाच, चौथीपर्यंत शिकलेली. नव्या शाळेत नाव घालायला बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन निघाले. वाटेत एका लिंबाखाली त्यांनी सायकल थांबवली.

"आजपासून शायेत तुह्यं नाव शोभा," ते म्हणाले.

"काहून?"

"तुह्या जन्माचा दाखलाच नाई. शोभाचा हाये."

"पन शोभा तर मेली ना?"

बाबा थोडा वेळ सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत राहिले. "कागदावर नाई मेली," ते म्हणाले. "अन् कागदावर तू अडीच वर्सानं लहान होतं. लहान पोरींच्या स्पर्धेत तुले दोन-अडीच वर्स जास्त भेटतीन. सगळे असंच करतेत. मोठ्या शहरातले तर डॉक्टरकडून करून घेतेत."

"मंग वनिता?"

"वनिता घरी."

अशी मी पुन्हा तिसरीत बसले, मागच्या बाकावर, कारण पुढे बसले तर बाकीच्यांना फळा दिसत नसे. पाढे मला सगळे येत होते. बाईंना मी हुशार वाटले. माझ्या आयुष्यातला हा पहिला खोटा पहिला नंबर.

घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं. आई धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही, नुसती पाखडत राहिली, आणि मग खूप वेळाने म्हणाली, "ते नाव माह्या तोंडून येनार नाई." नाही आलं. शेजारपाजार मला शोभा म्हणायचा, बाबाही हळूहळू घरात शोभाच म्हणायला लागले, चुकून बाहेर तोंडून दुसरं निघू नये म्हणून. आई मात्र वनूच म्हणायची. शेजारणींना वाटे, लाडाचं नाव असेल. इंझोरीचे पाहुणे आले की बाबा त्यांना फाटकापाशीच गाठून बजावून आत आणायचे. बाहेर कोणी "शोभाची आई" अशी हाक मारली की आई ओ द्यायची, पण पहिल्या हाकेला कधीच नाही.

खेळात मी जिंकायला लागले. बारा वर्षांखालच्या मुलींत मी चौदाची होते, चौदाखालच्यांत सोळाची. त्या वयात अडीच वर्षं म्हणजे काय असतं ते मुलींच्या आयांना विचारा. नागपूरला चौदा वर्षांखालच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माझ्यासमोर अमरावतीची एक मुलगी होती. सडपातळ, दोन वेण्या, पायात फार चपळ. माझा चेंडू तिच्या हातातली रॅकेट वळवून टाकायचा. दोन्ही सेट मी सहज घेतले. सामना संपल्यावर नळापाशी ती माझ्या शेजारी तोंड धूत होती. डोळे लाल झाले होते. तिने विचारलं, "तू खरंच तेराची आहेस?" त्यात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, की आपण आणखी किती सराव केला पाहिजे. मी म्हणाले, "हो." पुढच्या वर्षी ती दिसली नाही. कोणी म्हणालं, खेळ सोडला, अभ्यासाला लागली. मी माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल लिहायला बसते तेव्हा ही मुलगी नळापाशी उभी असते, आणि मग मला पुढचं वाक्य सुचत नाही.

पुढे मुलींच्या स्पर्धा मागे पडल्या आणि बायकांच्या सुरू झाल्या, ज्यांत जगाच्या यादीचे गुण मिळतात. त्यातल्या सगळ्यात लहान स्पर्धा हिवाळ्यात आपल्याकडे होत, कधी दक्षिणेत, कधी दिल्लीकडे. बाबा आणि मी एसटीने अकोल्याला जायचो, तिथून रेल्वे. आईने दिलेल्या दशम्या चार दिवस पुरायच्या. इथे बाबांना एक कायदा नव्याने कळला. लहान मुलींवर ताण पडू नये म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलींना या स्पर्धा मोजक्याच खेळता येतात. एका वाढदिवसापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ठरावीक आकडा, आणि वय जितकं कमी तितका आकडा कमी. कागदावर मी पंधरा पूर्ण होते. माझ्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्पर्धा आल्या. खरं तर मी अठराची झाले होते. मला पाहिजे तितक्या खेळता आल्या असत्या.

"होऊन जाईन तेवढ्यात," बाबा म्हणाले. "तीनच तर पाह्यजे."

आणि झालं. पहिल्या चार स्पर्धांत मी पहिल्याच फेरीत हरले. पाचवीत एका उंच परदेशी मुलीला हरवलं, आणि तिने हात मिळवताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबा कठड्याशी उभे होते, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, एवढंच. एक गुण. मग सातवीत एक. शेवटच्या स्पर्धेत मी दोन सामने जिंकले. त्यातला दुसरा पावणेतीन तास चालला, आणि तिसऱ्या सेटमध्ये मला जाणवलं की समोरची थकली आहे आणि मी थकलेली नाही, कारण इथे चेंडूला रुई नव्हती, तो इतका हलका होता की मला तो खेळ वाटत होता. आयुष्यात एवढा एकच तास मला असा आठवतो, ज्यात माझं नाव काय हे माझ्या मनात आलं नाही.

बाबांच्या ओळखीचे नागपूरला एक पत्रकार होते. त्यांच्या ऑफिसात यादी फॅक्सने यायची. त्यांनी ते एक पान पोस्टाने धाडलं, एका ओळीखाली लाल शाईची रेघ ओढून. आठशे त्रेचाळीस. बाबांनी ते पान पाटावर ठेवलं, हात धुऊन आले, मग पुन्हा हातात घेतलं. ते रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. पान बारीक इंग्रजी अक्षरांचं होतं, वर-खाली जगभरच्या बायकांची नावं, आणि मध्ये आमचं आडनाव.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती माझ्याजवळ बसली.

"यात कोनतं?"

मी बोट ठेवलं.

"काय लिवलं हाये?"

"आपलं आडनाव. मंग शोभा."

आईने त्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग तिने ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, एकेक ओळ, वाचता येत असल्यासारखं, आणि विचारलं, "अन् तुह्यं कुठी हाये?"

बाबा म्हणाले, "असं काय करतं? तेच तं तिचं हाये."

"ते माह्या लहानीचं हाये," आई म्हणाली. "मी वनूचं इचारून राह्यली."

पलीकडे रेचे चालू होते. शाळेने माझा सत्कार ठेवला, आई आली नाही. पाय मुरगळला असं तिने शेजारणीला सांगितलं आणि दोन दिवस घरात लंगडत राहिली, खोटं नीट पार पाडावं म्हणून.

त्याच महिन्यात पुण्याचे एक प्रशिक्षक आम्हाला भेटायला अकोल्यापर्यंत आले. शेवटच्या स्पर्धेत त्यांनी मला पाहिलं होतं. उन्हाळ्यात ते तीन मुलींना घेऊन बाहेर देशी जाणार होते, लागोपाठ दोन महिने स्पर्धा, खर्च एका कंपनीचा. क्लबाच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो, त्याच क्लबाच्या, जिथे आजोबा माळी होते. ते मोकळेपणाने बोलले. "हिच्या हातात जोर आहे. दोन महिने रोज अशा मुलींशी खेळली तर ही पाचशेच्या आत येईल. माझी खात्री आहे." मग त्यांनी माझे कागद पाहिले आणि ते चुकचुकले. "अरे, ही पंधराचीच. आणि या वर्षाच्या स्पर्धा संपल्या हिच्या. जूनपर्यंत काहीच खेळता येणार नाही. नंतरही मोजक्याच. मला अठरा झालेली मुलगी हवी होती."

मी बाबांकडे पाहत होते. प्रशिक्षकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगला माणूस होता तो. "तोंड पाडू नकोस, शोभा. वय तुझ्या बाजूने आहे. अडीच वर्षांनी तू अठराची होशील, तेव्हा मी स्वतः तुला घेऊन जाईन. उलट लोक रडतात, आपण आधी का सुरुवात केली नाही म्हणून."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी अठराची हाये."

"माहीत हाये मले."

"मी आजच हाये अठराची. अडीच वर्सानं माह्या हातात काय राह्यते? अन् तेव्हा ते मले ओळखतीन तरी का?"

"जूनमधी वाढदिवस हाये," ते म्हणाले. "मंग नव्या स्पर्धा भेटतीन."

"तो माहा वाढदिवस नाई."

मागच्या बाकावरच्या बाईने मान वर करून पाहिलं. बाबांनी हातानेच गप्प बस अशी खूण केली. मी गप्प बसले. आजही मला कधीकधी वाटतं, त्या एसटीत मी ओरडायला हवं होतं. पण आमच्या घरात ओरडायची सवयच नव्हती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी, बाबा शाळेत असताना, मी दिल्लीच्या संघटनेच्या ऑफिसला पत्र लिहायला बसले. मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत सगळं लिहिलं. माझं नाव वनिता, माझं वय अठरा, शोभा ही माझी मेलेली बहीण. मुलींच्या स्पर्धांतली माझी बक्षिसं परत घ्या, पण मला माझ्या वयाने खेळू द्या. दोन पानं झाली. बाबा आले तेव्हा ती तशीच ओट्यावर होती. लपवावीत असं मला वाटलं नाही. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. माझी नोकरी जाईल, आपली बदनामी होईल, तुझ्यासाठी मी काय काय केलं, यातलं काहीतरी ते म्हणतील अशी माझी तयारी होती. त्याची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती.

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिले. "धाड," ते म्हणाले. "मी अडवत नाई. पन खाली सही कोनाची करशीन?"

मी पेन घेतलं आणि थांबले.

"वनिताची केली तं वनिता कोन, ते विचारतीन. दाखला मागतीन. शायेचा कागद मागतीन. वनिताच्या नावानं कुठीच काई नाई, पोरी. खेळाडू म्हनून एक गुन नाई तिच्या नावावर. शोभाची केली, तं शोभा खोटी हाये असं शोभाच लिहून देऊन राह्यली. मंग दोघी बी गेल्या."

हे त्यांनी मला दुखवायला सांगितलं नाही. एखादा फटका कसा बसणार नाही हे समजावून सांगावं, तसं ते सांगत होते. मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही पहिल्यांदाच ते पूर्ण दिसलं असावं, कारण बोलता बोलता ते खाली बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आई दारात उभी होती. तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि टोपण लावलं.

पत्र मी धाडलं नाही. वनिता म्हणून मला खेळता येत नव्हतं, शोभा म्हणून मला खेळायचं नव्हतं. जून आला, कागदावर सोळावं पूर्ण झालं, नव्या स्पर्धा मिळाल्या. बाबांनी अर्ज भरून आणले. मी कोर्टवर गेले नाही. बाबा दहाएक दिवस पहाटे एकटेच जाऊन भिंतीवर चेंडू मारायचे, मला घरात ऐकू येई एवढ्या जोराने. मग तेही थांबले. शेठने पुढच्या हंगामात त्या जागेवर सरकीची पोती रचली.

मी मोठ्या तत्त्वाची होते असं कोणी समजू नये. पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून मी केनवडच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका झाले, ती त्याच प्रमाणपत्रांवर, त्याच नावाने. माझ्या पगारावर, रेशन कार्डावर, लग्नपत्रिकेवर शोभा आहे. नवरा मला शोभा म्हणतो. त्याला मी लग्नानंतर सहा वर्षांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता काय फरक पडतो?" खरंच काही पडत नाही. फक्त माझे गुडघे पन्नाशीकडे आले आहेत आणि सरकारच्या हिशोबाने मला निवृत्तीला अडीच वर्षं जास्त आहेत. शिक्षकखोलीत सगळे वय कमी लागलेल्यांचा हेवा करतात. मी मैदानावर शिटी घेऊन उन्हात उभी असते आणि बहिणीची नोकरी करते.

तर ते वर्ष. मी खेळत नव्हते, पण यादीतलं नाव लगेच गेलं नाही. गुण वर्षभर टिकतात. बाबा दर सोमवारी एसटीडी बूथवरून नागपूरला फोन करायचे आणि घरी येऊन, मी विचारलं नसताना, आकडा सांगायचे. आठशे साठ. आठशे नव्वद. मी जात्यावर नाहीतर पुस्तकात मान घालून बसलेली असायची. हिवाळा पुन्हा आला, रेचे सुरू झाले. मागच्या हिवाळ्यातला पहिला गुण ज्या आठवड्यात पुसला गेला त्या सोमवारी बाबा भरउन्हात घरी आले, चप्पल काढली आणि पायरीवरच बसले.

"दोनच स्पर्धांचे गुन उरले, तीन पाह्यजे," ते म्हणाले. "नाव निघालं."

मी आत होते. काहीतरी वाटायला हवं होतं. मोकळं वाटेल अशी मी महिनोन् महिने वाट पाहिली होती. मला भूक लागली होती, तेवढं आठवतं.

आई न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. सोमवारी ती डोक्यावरून न्हात नसे. तिने चूल पेटवली, रवा भाजला, तूप सढळ घातलं, शिरा केला. एवढ्याशा लेकराचं पान काढायची आमच्यात रीत नाही, पण तिने वाडग्याएवढं एक पळसाचं पान घेतलं, त्यावर शिरा ठेवला, वर थोडं दूध सोडलं, आणि ते घेऊन ती बाबांच्या बाजूने बाहेर पडली.

"हे काय करून राह्यली?" बाबांनी विचारलं.

"इतके वर्सं तुमी तिले रोज हाका मारून राह्यले," आई म्हणाली. "हाका मारता तिचं पान कसं काढू मी? फिरवली, पयवली, गावोगावी नेली. नऊ महिन्याची होती ते." तिने पान कुडाच्या कडेवर ठेवलं आणि हात जोडले. "आज सुटली माय माही."

ती तिथेच उभी राहिली. खूप वेळ कावळा आला नाही. ती हलली नाही. रुईचे तंतू तिच्या ओल्या केसांवर बसत होते. मग एक आला, शिऱ्याला चोच लावली, आणि आईने पदर तोंडाला लावून, त्या रेच्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही असं, मनसोक्त रडून घेतलं. बाबा पायरीवरून उठले आणि तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. ती दोघं आपल्या लेकीसाठी रडत होती, पंधरा वर्षं उशिराने. त्यात मी मध्ये जाण्यासारखं काही नव्हतं. मी चुलीपाशी बसले, कढईतला उरलेला शिरा ताटात काढून घेतला आणि एकटीने खाल्ला.